हंगेरियन संगीताचा एक उत्सव आणि वारशाचा प्रश्न

उत्सवासाठी मागवून घेतलेल्या संगीताचे आयुष्य सामान्यतः फार थोडे असते. मंडप उतरला, पाहुणे परतले, की तेही बासनात बांधले जाते. प्रसंगासाठी रचलेल्या कवितेची जी गत, तीच त्याची. हा नियम ज्याने मोडला असा एक प्रसंग युरोपच्या संगीतेतिहासात आहे, आणि त्याची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते. डॅन्यूब नदीच्या काठची बुडा, ओबुडा आणि पेश्त ही तीन नगरे १८७३ साली एक होऊन बुडापेस्ट ही हंगेरीची राजधानी सिद्ध झाली. या एकीकरणास पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा नगराने आपल्या तीन प्रमुख रचनाकारांकडून नव्या कृती मागविल्या. १९ नोव्हेंबर १९२३ रोजी त्या वाद्यवृंदाच्या एकाच मैफलीत सादर झाल्या. एर्नो दोहनान्यी याची ‘उत्सवी प्रस्तावना’, झोल्तान कोदाय याचे ‘हंगेरियन स्तोत्र’ आणि बेला बार्टोक याची ‘नृत्यमालिका’ या त्या तीन कृती. संचालनही दोहनान्यीकडेच होते.

त्या रात्रीचा विचार आज शंभरांहून अधिक वर्षांनी करण्याचे कारण केवळ ऐतिहासिक नाही. ‘हंगेरियन संगीताची मैफल’ अशा नावाने जगभर जे कार्यक्रम होतात, त्यांतून श्रोत्यांस जे ऐकविले जाते ते कोणाचे, हा प्रश्न त्या रात्रीने जितका स्पष्टपणे विचारला, तितका अन्य कोणत्याही मैफलीने विचारला नसेल. आमचा पेशा वकिलीचा. एखाद्या मिळकतीवर ‘ही आमची’ अशी पाटी दिसली, की कागद पाहावेत ही आमची सवय. तेव्हा प्रथम कागद पाहू.

हंगेरियन म्हणून जगाने जे संगीत शतकभर डोक्यावर घेतले, त्यातील सर्वांत लोकप्रिय नृत्ये योहानेस ब्राम्स या जर्मन रचनाकाराच्या नावावर आहेत. १८६९ साली त्यांचे पहिले भाग प्रसिद्ध झाले. त्यांतील पाचवे नृत्य, जे न ऐकलेला रसिक विरळा, ते बेला केलेर या हंगेरियन रचनाकाराच्या चालीवर उभे आहे. ब्राम्सने या नृत्यांना आपल्या कृतींचा क्रमांक दिला नाही, आपण मांडणी तेवढी केली आहे असेच सुचविले. परंतु श्रोत्यांनी तो बारकावा कधीच सोडून दिला. राकोत्सी कूच हे हंगेरियनांच्या अभिमानाचे गीत. ते वाद्यवृंदाच्या ज्या रूपात जगभर गाजले, ते रूप एक्टर बेर्लियोझ या फ्रेंच गृहस्थाने १८४६ साली पेश्त येथे प्रथम वाजवून दाखविले. आणि या परंपरेचा जो मेरुमणी, त्या फेरेन्त्स लिस्टच्या ‘हंगेरियन ऱ्हॅप्सोडी’ ज्या चालींवर बांधल्या आहेत, त्या त्याने रोमा वादकांच्या, म्हणजे त्या काळी ज्यांना जिप्सी म्हणत त्यांच्या, ताफ्यांकडून ऐकल्या. १८५९ साली लिस्टने ग्रंथ लिहून हे सारे संगीत मूळचे त्या वादकांचेच आहे असा दावा केला. हंगेरियन मंडळी संतापली. पुढे संशोधनाने दाखविले की त्यांतील पुष्कळशा चाली मध्यमवर्गीय हंगेरियन रचनाकारांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या होत्या आणि रोमा वादकांनी त्या आपल्या ढंगाने फुलविल्या होत्या. चाल एकाची, वादन दुसऱ्याचे, ग्रंथातील दावा तिसऱ्याचा आणि कीर्ती चौथ्याची! असा दावा कोर्टात आला असता तर पिढ्यान्‌पिढ्या चालला असता.

या घोळातून वाट काढण्याचे काम कोदाय आणि बार्टोक यांनी केले. १९०५ पासून कोदाय आणि त्याच्या मागोमाग बार्टोक फोनोग्राफ यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडू लागले. १९०६ साली दोघांनी मिळून वीस हंगेरियन लोकगीते प्रसिद्ध केली. शेतकऱ्यांच्या तोंडी त्यांना जे जुने गाणे सापडले, ते शहरातील ताफ्यांच्या संगीताहून अगदी निराळे होते. त्याची चौकट पाच स्वरांची. आमच्या वाचकांस ओळखीच्या भाषेत सांगायचे, तर सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. आपल्या धानी रागाचे जे स्वर तेच. चालीचा पूर्वार्ध जो वर म्हणावा तोच उत्तरार्धात पाच स्वर खाली उतरवून पुन्हा म्हणावा, अशी त्या जुन्या गाण्यांची एक खास ठेवण आहे. जुन्या संगीताचा हा ठेवा हाती येताच नव्या संगीताची भाषा त्यातूनच घडवावी, असा या दोघांचा संकल्प झाला. पण बार्टोक एवढ्यावर थांबला नाही. तो स्लोव्हाक खेड्यांत गेला, रुमानियन खेड्यांत गेला, १९१३ साली अल्जीरियातील बिस्क्रा येथे जाऊन त्याने अरबांचे गाणे टिपले. त्याच्या संग्रहात स्लोव्हाक आणि रुमानियन चालींची संख्या हंगेरियन चालींहून कमी नव्हती.

येथे इतिहास आडवा आला. पहिल्या महायुद्धात हंगेरीचा पक्ष हरला. ४ जून १९२० च्या त्रियानोनच्या तहाने जुन्या हंगेरियन राज्याचा सुमारे दोनतृतीयांश भूभाग शेजारी राष्ट्रांकडे गेला आणि हंगेरियन बोलणारी लक्षावधी माणसे एका रात्रीत परक्या राज्याची प्रजा झाली. त्या नकाशावर १९२३ सालच्या उत्सवातील मानकऱ्यांची जन्मगावे शोधून पाहावीत. दोहनान्यी १८७७ साली पोझोन्य येथे जन्मला. ते गाव ब्रातिस्लावा या नावाने चेकोस्लोव्हाकियात गेले होते. बार्टोक १८८१ साली नाज्सेंतमिक्लोश येथे जन्मला. ते रुमानियात गेले होते. ज्याच्या नावाने हंगेरियन संगीत जगाला ठाऊक झाले त्या लिस्टचे डोबोर्यान हे गावही १९२१ पासून ऑस्ट्रियात होते. तिघा रचनाकारांपैकी एकट्या कोदायचे जन्मगाव, केच्केमेत, तेवढे देशात उरले होते. ज्यांच्या घराच्या एका अंगाला एक राज्य आणि दुसऱ्या अंगाला दुसरे, आणि ओठांवर दोन-दोन भाषा, अशा आमच्या वाचकांस या वस्तुस्थितीचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. १९१९ साली हंगेरीत काही महिने क्रांतिकारी शासन होते. त्या काळात हे तिघेही संगीतविषयक मंडळावर बसले होते. शासन कोसळल्यावर नव्या अधिकाऱ्यांनी हिशेब चुकते केले. संगीत अकादमीचे दोहनान्यीचे संचालकपद गेले. उपसंचालक असलेल्या कोदायवर शिस्तभंगाची चौकशी चालली. बार्टोकने १९२० साली रुमानियन लोकसंगीतावर एक शास्त्रीय लेख जर्मन भाषेत प्रसिद्ध केला, तर शत्रूच्या संगीताची थोरवी गाणारा देशद्रोही म्हणून वृत्तपत्रांनी त्याच्यावर झोड उठविली. ज्यांना असे वागविले, त्यांनाच तीन वर्षांनी नगराने उत्सवासाठी पाचारण केले. त्यांनी काय लिहावे? पाहुण्यांच्या माना डोलतील असे काही लिहून मोकळे व्हावे, की जे मनात आहे ते बोलावे? या तिघांची तीन उत्तरे आज ध्वनिमुद्रणांतून एकापाठोपाठ ऐकता येतात, आणि त्यांची तुलना हाच आमच्या लेखाचा मुख्य विषय आहे.

दोहनान्यीचे उत्तर सर्वांत अपेक्षित आहे. त्याच्या प्रस्तावनेत भव्य वाद्यवृंदाचा गजर आहे. हंगेरीचे राष्ट्रगीत, ‘सोझात’ हे दुसरे मान्यताप्राप्त देशगीत आणि त्याने स्वतः चाल दिलेली ‘हंगेरियन श्रद्धावाणी’ या तिन्ही चाली त्याने एकत्र गुंफल्या आहेत. ही श्रद्धावाणी म्हणजे तुकडे झालेला देश पुन्हा अखंड होवो अशी त्या काळी शाळांतून म्हटली जाणारी प्रार्थना. कारागिरी उत्तम आहे. दोहनान्यी हा मोठा पियानोवादक आणि रचनाशास्त्रात पारंगत. बालगीताच्या चालीवर १९१४ साली रचलेल्या त्याच्या विस्तारकृतीतील विनोदबुद्धी आजही ताजी वाटते. परंतु येथे चालींचे एकत्र येणे ही केवळ गणिती करामत ठरते. श्रोत्याने उभे राहावे, छाती फुगवावी आणि डोळे पुसावेत, हे आधीच ठरलेले आहे. ज्या भावना श्रोता घरून घेऊन येतो त्याच त्याला परत देऊन हे संगीत त्याची पाठवणी करते. म्हणूनच ही प्रस्तावना आज क्वचित वाजते. मात्र न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदली पाहिजे. ज्या दोन कृतींनी आपल्या कृतीस झाकोळून टाकावे, त्या दोन्ही दोहनान्यीने स्वतः हाती छडी घेऊन लोकांपुढे आणल्या, आणि पुढेही या दोघांच्या संगीताची पाठराखण केली. असे औदार्य कलावंतांत नेहमी आढळत नाही.

कोदायने जे केले त्याने मात्र सभा चकित झाली असली पाहिजे. त्याने उत्सवगीत लिहिलेच नाही. त्याने सोळाव्या शतकातील एक जुने काव्य शोधून काढले. बायबलमधील पंचावन्नाव्या स्तोत्राचे ते स्वैर रूपांतर. रूपांतरकार मिहाय वेग हा केच्केमेतचाच, म्हणजे कोदायच्या जन्मगावचा. हंगेरीचा बराच भाग तुर्की अमलाखाली गेला होता, त्या शतकातील ही रचना. दावीद राजा मित्रांच्या विश्वासघाताने व्याकूळ होऊन देवापुढे तक्रार मांडतो, असा तिचा आशय. त्यातच नगरभर माजलेल्या क्रोधाचे आणि परस्परांच्या सूडबुद्धीचे वर्णन येते. नगराच्या सुवर्णमहोत्सवात, नगराच्या पैशाने, नगरवासीयांच्या तोंडावर हे गाइले गेले! चौकशीच्या फेऱ्यातून नुकत्याच सुटलेल्या माणसाला दावीदाच्या तोंडून बोलणे किती सोयीचे झाले असेल, हे ध्यानात येते. तथापि ही कृती केवळ वैयक्तिक गाऱ्हाणे असती तर ती टिकली नसती.

तिची रचना आमच्या वाचकांस परकी वाटणार नाही. आरंभी वाद्यवृंदाचा एक जोरकस उद्रेक होतो; तो शमल्यावर गायकवृंद एका सुरात, दबक्या आवाजात निवेदन करतो की हे दावीदाने दुःखात म्हटले. मग एकल गायक दावीदाची व्यथा मांडतो, आणि मध्येमध्ये गायकवृंद तीच चाल ध्रुपदासारखी घेऊन येतो. कीर्तनात बुवांनी आख्यान लावावे आणि मागच्या टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलावे, तसे हे नाते आहे. दरवेळी ध्रुपदाचा रंग मात्र बदलतो. प्रथम निवेदन, मग आक्रोश, मग शापवाणी. ही चाल कोदायने कोणत्या लोकगीतातून उचललेली नाही. परंतु तिचे वळण त्या पंचस्वरी गाण्यांचे आहे आणि तिच्यात हंगेरियन भाषेचा स्वाभाविक आघात आहे. मधल्या संथ भागात हार्पच्या तारा छेडल्या जातात आणि एकल गायकाच्या तोंडी देवावरील भरवसा येतो, तेव्हा काही काळ तक्रार थांबून निखळ शरणागती उरते. देवाशी भांडून शेवटी त्याच्याच पायांशी येणाऱ्या आपल्या संतांची येथे आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. अखेरीस गायकवृंद सांगतो की हे दावीदाने लिहिले आणि दुःखी भाविकांच्या समाधानासाठी त्यावरून हे गीत रचले गेले. अभंगाच्या शेवटी जशी नाममुद्रा यावी तशीच ही अखेर. आणि तेथे जयघोष नाही. आवाज ओसरत ओसरत जातो.

आम्ही या कृतीस थोर म्हणतो ते एवढ्यासाठी, की तिने दुःखाला राजकीय मागणीचे रूप दिले नाही. दोहनान्यीच्या प्रस्तावनेत गेलेली जमीन परत मागितली जाते. कोदायच्या स्तोत्रात माणूस आपल्याच नगरातील अन्यायाकडे बोट दाखवतो आणि देवाकडे वळतो. शेजाऱ्याचा दोष मोजण्याआधी आपल्या घरातील क्रोध पाहावा, हे धर्मानेच शिकविलेले आहे. पहिल्याच प्रयोगात या कृतीने श्रोत्यांस जिंकले, आणि १९२६ साली झुरिच येथे ती गाइली गेल्यावर कोदायचे नाव हंगेरीबाहेर सर्वत्र झाले.

बार्टोकच्या ‘नृत्यमालिके’चे नशीब त्या रात्री तितके चांगले नव्हते. वाद्यवृंदाला ती नीट पेलली नाही आणि टाळ्या बेताच्याच पडल्या. १९२५ साली प्राग येथे वाक्लाव्ह तालिख याने ती वाजविली, तेव्हा तिचे तेज लोकांस दिसले. पुढच्या काळात ती युरोपच्या अनेक नगरांत गाजली. ज्या चेकोस्लोव्हाकियाकडे हंगेरीचा मुलूख गेला होता, त्याच्याच राजधानीत तिला न्याय मिळावा, हा योगायोग बोलका आहे.

या मालिकेत पाच नृत्ये आणि एक समारोप आहे. सारे न थांबता वाजते आणि एक छोटीशी मृदू चाल त्यांना जोडत जाते. पहिल्या नृत्यात बासूनचा खालचा, खरबरीत स्वर अगदी चिंचोळ्या पट्ट्यात घुटमळतो; त्यात अरबी वळण आहे. दुसरे नृत्य हंगेरियन आणि दांडगे. ट्रॉम्बोनची घसीट त्यात हाक मारल्यासारखी येते. तिसऱ्यात पिशवीच्या बाजाचा खर्ज धरल्यासारखे वाटते आणि हंगेरियन व रुमानियन ढंग आलटून पालटून येतात. चौथे पूर्णपणे अरबी रात्रीचे. संथ स्वरसमूहांच्या मधून एक एकाकी आलाप उमटतो आणि विरतो. पाचवे अतिशय साधे. यातील एकही चाल प्रत्यक्ष लोकगीत नाही. त्या त्या लोकांची भाषा आत्मसात करून बार्टोकने सर्व चाली स्वतः रचल्या. निरनिराळ्या युद्धांनी जे एकमेकांचे वैरी झाले, त्या लोकांचे बंधुत्व ही आपल्या कामाची मूळ कल्पना आहे, असे त्याने १९३१ साली एका पत्रात लिहिले. देशद्रोही ठरविणाऱ्यांस त्याने दिलेले उत्तर या मालिकेत आधीच आहे. राजधानीच्या उत्सवात त्याने नेमके त्याच रुमानियन शेजाऱ्यास नाचायला बोलावले.

परंतु स्तुती करताना समीक्षकाने डोळे मिटून चालत नाही. बंधुत्वाचा हा दावा कृतीत सिद्ध होतो काय? दोन शंका आम्हांस येतात. पहिली अशी, की बार्टोकने एक स्लोव्हाक नृत्यही योजले होते, आणि ते त्याने गाळले. कारण रचनेच्या तोलाचे असेल. पण ज्यांच्या गावांतून त्याने हजारो चाली टिपल्या, त्यांनाच या फेरात जागा राहिली नाही, ही उणीव आहेच. दुसरी शंका अधिक महत्त्वाची. नृत्यांना जोडणारी ती मृदू चाल प्रत्येक वेळी हंगेरियनच आहे. म्हणजे यजमान ठरलेला आहे. पाहुणे एकेक करून येतात, नाचतात आणि घराची किल्ली यजमानाकडेच राहते. हे समानांचे बंधुत्व की सुसंस्कृत घराचे आतिथ्य? आमचे मत असे की समारोप या शंकेचे बरेचसे निरसन करतो. तेथे आधीच्या चाली पुन्हा येतात, पण आता त्या पाळीपाळीने येत नाहीत. एकमेकींच्या अंगावर येतात, एकमेकींना ढकलतात, उचलून धरतात. कोणती कोणाची हे सांगणे अवघड होते. जोडचालही तेथे यजमानपण सोडून गर्दीत मिसळते. बंधुत्वाचे हे चित्र गोडगोड नाही, त्यात धक्काबुक्की आहे, आणि म्हणूनच त्यावर आमचा विश्वास बसतो.

कोदाय खोल गेला आणि बार्टोक दूर गेला. एकाने आपल्या भाषेच्या तळाशी जाऊन सर्व माणसांचे दुःख शोधले. दुसऱ्याने शेजाऱ्यांचे अंगण ओलांडून आपले घर अधिक ओळखले. यांपैकी एकाची निवड करा असे कोणी म्हटले, तर आम्ही ती नाकारू. पण धाडस कोणाचे अधिक, हे विचारल्यास बार्टोकचे, असे आमचे उत्तर आहे. आपल्या दुःखासाठी अश्रू ढाळणाऱ्यास सभा क्षमा करते. दुःखाच्या काळात शेजाऱ्याचे गाणे गाणाऱ्यास ती सहजासहजी क्षमा करत नाही.

पुढील इतिहासाने हीच बाजू बळकट केली. १९३३ साली कोदायने ‘गालांताची नृत्ये’ लिहिली. गालांता हे त्याच्या बालपणीचे गाव, तेव्हा चेकोस्लोव्हाकियात गेलेले. तेथील रोमा वादकांच्या, सुमारे १८०० साली व्हिएन्नात छापलेल्या चाली घेऊन त्याने त्या वादकांचे ऋण उघडपणे मान्य केले. लिस्टच्या काळापासून चाललेल्या दाव्यात ही एक प्रकारे सन्मान्य तडजोड झाली. बार्टोकने १९४० साली देश सोडला आणि १९४५ साली न्यू यॉर्क येथे त्याचा अंत झाला. १९८८ साली त्याचे अवशेष बुडापेस्टला आणले गेले. कोदाय देशातच राहिला आणि १९६७ साली वारला. त्यांच्या नंतरच्या पिढीचे दोन श्रेष्ठ रचनाकार, ग्यॉर्गी लिगेती आणि ग्यॉर्गी कुर्ताग, अनुक्रमे १९२३ आणि १९२६ साली जन्मले, आणि दोघेही तहानंतर रुमानियात गेलेल्या प्रदेशात. लिगेतीने १९५१ साली ‘रुमानियन कॉन्सर्टो’ लिहिला. त्यातील स्वरांचे काही धाडस तेव्हाच्या अधिकाऱ्यांस रुचले नाही आणि एका तालमीनंतर तो बंद पडला. जाहीर प्रयोग व्हायला १९७१ साल उजाडले. १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर लिगेती देशाबाहेर पडला.

तेव्हा हंगेरियन संगीताची मैफल कोणी योजत असेल, तर आमची सूचना साधी आहे. ब्राम्सची नृत्ये आणि लिस्टची ऱ्हॅप्सोडी खुशाल ठेवावी. ती आनंदाची चीज आहे आणि तिच्यावर बहिष्कार घालण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर कोदायचे स्तोत्र, बार्टोकची नृत्ये आणि लिगेतीचा रुमानियन कॉन्सर्टो ठेवावा, आणि कार्यपत्रिकेत प्रत्येक रचनाकाराचे जन्मगाव व ते गाव आज कोणत्या देशात आहे हे छापावे. तेवढ्याने श्रोत्यास कळेल की तहनाम्यावर सह्या करून जमीन वाटता येते, चालींची तशी वाटणी होत नाही. वारसा मिळाला म्हणून तो एकट्याच्या कब्जात ठेवण्याचा हक्क कोणास मिळत नाही. त्यावरील इतरांचे ऋण कबूल करूनच तो उपभोगावा लागतो. १९२३ सालच्या त्या नगराने उत्सव मागितला आणि त्याच्या दोघा रचनाकारांनी त्याला ही कबुली दिली. दोघांच्या कृती टिकल्या त्या या कबुलीमुळेच, असा आमचा निर्णय आहे.